अ‍ॅडॅप्टर थंड होऊ दे

सुरुवात लाज वाटावी अशी झाली. कांजूरला लोकल पकडली, विक्रोळीला कोणीतरी उठलं म्हणून बसायला मिळालं, आणि मोबाईलवर आदल्या रात्रीच टाकलेल्या एमुलेटरमध्ये (जुने व्हिडिओ गेम चालवणारं अ‍ॅप) लहानपणीचा गोळीबाराचा गेम काँट्रा लावला तर घाटकोपर यायच्या आत मी मेलो. तिन्ही लाईफ गेल्या. तेही पहिल्या स्टेजला, त्या फुटणाऱ्या पुलाच्या जरा पुढे. हाच काँट्रा सहावीत असताना मी दिवाळीच्या सुट्टीत एका हाताने चकली खात खेळायचो (अतिशयोक्ती आहे, पण थोडीच).

आधी वाटलं काचेवरच्या बटणांचा दोष, अंगठा कुठे पडतोय कळतच नाही. म्हणून यूएसबीवाला गेमपॅड मागवला, रविवारी लॅपटॉपवर लावला, आणि परत तेच. म्हणजे अगदी घाटकोपरसारखं नाही, पण दुसऱ्या स्टेजच्या पुढे काही जाईना. सगळं घाईत चाललंय असं वाटत होतं, माणसं लवकर पळतायत, गोळी लवकर येतेय, ते म्युझिकसुद्धा कोणीतरी पाठी लागल्यासारखं. बदलापूरला दादाला फोन केला तर तो म्हणाला, "चाळिशी आली तुझी, काँट्रा कसला खेळतोस, बीपी चेक करून घे." मी पण मनातल्या मनात मान्य करून टाकलं की हात जड झाले. लहानपणी आपण फार भारी होतो असं प्रत्येकालाच वाटतं, त्यातलंच हे.

मग लालबागची चाळ रिडेव्हलपमेंटला जायची तारीख लागली आणि आमची खोली रिकामी करायची वेळ आली. आई चार वर्षांपासून माझ्याकडेच आहे, त्यामुळे खोलीत माणूस नव्हतं, पण माळा तसाच्या तसा भरलेला. पितळेचे डबे, गणपतीचं थर्माकोलचं मखर, दादाचे दहावीचे अपेक्षित प्रश्नसंच (ते का ठेवले होते देव जाणे), आणि त्याच्या मागे एक बुटांचा खोका, सुतळीने बांधलेला. आत आमचा व्हिडिओ गेम. दोन रिमोट, एक बंदूक, दोन कॅसेट. ज्याला आता लोक कंट्रोलर आणि कार्ट्रिज म्हणतात त्याला आमच्या चाळीत रिमोट आणि कॅसेटच म्हणायचे आणि मी इथे तेच म्हणणार.

हा गेम बाबांनी १९९६ च्या दिवाळीला मनीष मार्केटमधून आणला होता. बाबा बेस्टमध्ये ड्रायव्हर होते, बोनस झाला होता. कुठल्या कंपनीचा हे आम्हाला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आता तर वरचं स्टिकर पण निघून गेलंय. खरं म्हणजे हा निन्टेंडोच्या फॅमिकॉमचा डुप्लिकेट. फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आला, आणि पुढे तैवान-चीनमध्ये त्याच्या इतक्या नकला निघाल्या की आपल्या पिढीतल्या बहुतेक पोरांनी निन्टेंडो हे नावही न ऐकता मारिओ खेळला. कॅसेट पिवळी, त्यावर लिहिलेलं ९९९९९९९ इन १. दादाने एकदा सगळे गेम वहीत लिहून काढायचं ठरवलं होतं, तेव्हा कळलं की साधारण तीसनंतर तेच गेम परत येतात, फक्त काँट्रा तिसऱ्या स्टेजपासून सुरू होतो किंवा मारिओ पाचव्या वर्ल्डपासून. फसवणूक खरी, पण आम्हाला कुठे काय वाटलं, उलट बरंच झालं.

खोक्यात अ‍ॅडॅप्टर नव्हता. इथे मी मोठी चूक केली.

घरी आल्यावर हात शिवशिवत होते, ड्रॉवरमध्ये जुन्या राऊटरचा अ‍ॅडॅप्टर सापडला, पिन बरोबर बसली, म्हटलं चला. बटण दाबलं, लाल दिवा लागला नाही, दोन सेकंदांनी फट् असा बारीक आवाज आणि मग तो वास. ज्याने आयुष्यात एकदा तरी इलेक्ट्रॉनिक वस्तू जाळली आहे त्याला तो वास माहीत आहे. मुलगी बाजूलाच होती, ती म्हणाली, "बाबा, हे जिवंत होतं का मघाशी?" नंतर भिंग घेऊन बघितलं तर सॉकेटच्या बाजूला ते चिन्ह कोरलेलं होतंच, मधली पिन मायनस आणि बाहेरची कडी प्लस. जुन्या फॅमिकॉमची पण तशीच असते. आणि राऊटरची बरोब्बर उलटी. वर व्होल्ट पण बारा. थोडक्यात मी त्याला उलटी वीज पाजली होती.

शनिवारी लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोडला उतरून चालत गेलो, पिशवीत गेम. पहिल्या दोन दुकानांत हसले, तिसऱ्याने तर वर पण बघितलं नाही. मग एका गल्लीत जिन्याखाली बसणारा एक रिपेअरवाला भेटला, साठीचा असेल, समोर अँप्लिफायर उघडून बसलेला. त्याने काही न विचारता चार स्क्रू काढले. मला वाटलं होतं आत चिप्सची रांग असेल, यूट्यूबवर दाखवतात तशी. आत बघतो तर एक छोटा बोर्ड आणि मध्ये काळा डांबरासारखा गोळा. बस. जपानी ओरिजिनलमध्ये प्रोसेसर वेगळा, चित्राची चिप वेगळी, मेमरी वेगळी (ती पण जेमतेम २ केबी, आज एखादा साधा मेसेज फॉरवर्ड त्याहून मोठा असतो), आणि नकलावाल्यांनी पुढे पुढे ते सगळं एकाच चिपमध्ये कोंबून वर इपॉक्सीचा थेंब टाकून दिला. म्हणजे तो गोळा गेला तर गेम गेला, त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही.

"गोळा गेला असेल तर माझ्या हातात काही नाही," तो म्हणाला. "आधी पाच व्होल्ट येतात का बघू."

मीटर लावला, पाच व्होल्ट येत नव्हते. ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो, आलेले नऊ-दहा व्होल्ट कापून बरोबर पाच करून पुढे सोडतो, तो मेला होता. आणि बाजूचा कपॅसिटर फुटून वरून फुगला होता, फट् आवाज त्याचा. त्याने दोन्ही काढले, नवे टाकले, रेग्युलेटरच्या पाठीला पत्र्याचा तुकडा स्क्रूने आवळला, मीटर लावला आणि मान डोलावली. मी श्वास धरून उभा. लाल दिवा लागला. तो म्हणाला, "मधल्याने मार खाल्ला म्हणून तुमचा गोळा वाचला." एकूण दीडशे रुपये घेतले आणि वर एक जुना जड ट्रान्सफॉर्मरवाला नऊ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर दिला, त्याचे वेगळे शंभर. पिनवर मार्करने मायनसची खूण पण करून दिली, माझ्यावर विश्वास राहिला नसणार.

बाहेर येऊन उसाचा रस पीत उभा होतो तेव्हा मुस्तफाची आठवण आली. तुम्ही जर नव्वदच्या दशकात मुंबईत वाढला असाल तर मुस्तफा म्हणजे कोण ते सांगायला नको. गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा, १९९३ चा, आणि त्यात निवडायला चार माणसं होती, पण सगळ्यांना तो पिवळ्या टोपीवाला मुस्तफाच पाहिजे, म्हणून गेमलाच मुस्तफा म्हणायचे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पार्लर होतं, रुपयाला एक कॉइन, आणि पाठीमागे तीन-चार मोठी पोरं उभी, जी स्वतः कधी कॉइन टाकायची नाहीत पण बॉस आला की म्हणायची, "हट, मी मारून देतो." तो गेम मी मागच्या वर्षी लॅपटॉपवर पूर्ण संपवला. बटण दाबलं की कॉइन पडतो, पाहिजे तितके. तासाभरात शेवटचा बॉस मारला आणि काहीच वाटलं नाही. लहानपणी तिसऱ्या-चौथ्या स्टेजपलीकडे मी कधी गेलोच नव्हतो, आणि सांगतो, त्या स्टेजला खिशात शेवटचा रुपया असताना जो घाम फुटायचा त्याच्यापुढे तो शेवट अगदीच पाणचट निघाला. आता मी खेळताना स्वतःला पाचच कॉइन देतो. अजून पाचवी स्टेज पार नाही. असो, कॅसेटकडे वळतो.

लहानपणी कॅसेट लागली नाही की आम्ही काय करायचो? फुंकर. अगदी मन लावून, बासरी वाजवल्यासारखी. तर ते चुकीचं होतं म्हणे. फुंकरीतून थुंकीची वाफ जाते, तांब्याचे ते पट्टे हळूहळू गंजतात, आणि गेम जो चालू व्हायचा तो फुंकरीने नाही तर कॅसेट काढून परत घातल्यामुळे, पिना नव्याने टेकतात म्हणून. आमच्या कॅसेटच्या पट्ट्यांवर हिरवट काळे ठिपके पडलेच होते. म्हणजे दादाच्या आणि माझ्या फुंकरी, अठ्ठावीस वर्षं जपून ठेवलेल्या. कान साफ करायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं, पहिल्या पाच-सहा काड्या काळ्या झाल्या, मग पांढऱ्या खोडरबराने अगदी हलक्या हाताने, मग परत अल्कोहोल. मुलीने हे काम माझ्याकडून काढून घेतलं आणि माझ्यापेक्षा नीट केलं.

आता टीव्ही. घरचा त्रेचाळीस इंची, भिंतीवर टांगलेला, एव्हीची वायर जायला मागे बोटभर जागा. कसंतरी लावलं. पिवळी पिन चित्राची, पांढरी आवाजाची. आणि चित्र आलं! पण काय चित्र. मारिओ आडवा फुगलेला, सगळं पावसात भिजलेल्या पोस्टरसारखं. त्याचं कारण नंतर कळलं, जुने गेम दर वेळी टीव्हीच्या त्याच ओळी रंगवतात, नव्या टीव्हीला वाटतं अर्ध्या ओळी आता आल्यात आणि अर्ध्या पुढच्या वेळी येणार, म्हणून तो बसतो त्यांना एकमेकांत शिवत. त्या शिवणकामात वेळ पण जातो. बटण दाबलं, आणि मारिओ किंचित विचार करून उडी मारतो. तो किंचित विचार म्हणजे खड्डा.

डक हंट तर लागलाच नाही. म्हणजे लागला, बदकं उडाली, पण बंदुकीचा घोडा ओढला की एकही पडेना. कुत्रा आला आणि हसला. परत. परत हसला. ह्या कुत्र्याला मी १९९६ पासून ओळखतो आणि आमचं कधीच पटलं नाही. मुलगी टीव्हीला चिकटून बंदूक लावून बसली तरी नाही. मला वाटलं बंदूक गेली. पण गंमत अशी आहे की ती बंदूक काही सोडतच नाही, ती फक्त बघते. घोडा ओढला की स्क्रीन क्षणभर पूर्ण काळी होते, आणि लगेच बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन येतो, सगळं इतक्या झटकन की आपल्याला नुसती लुकलुक दिसते. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो, त्याला आधी काळं आणि मग पांढरं दिसलं तर बदक मेलं. म्हणूनच नुसती ट्यूबलाईटकडे धरून चालत नाही, आधी काळं दिसायला पाहिजे ना. आणि नवा टीव्ही ते चित्र विचार करून उशिरा दाखवतो, तोपर्यंत बंदुकीने डोळा मिटलेला असतो. दोघांची चूक नाही, वेळच जुळत नाही.

पण ह्याच फसलेल्या संध्याकाळी एक गोष्ट झाली. मी काँट्रा लावला, नुसता कॅसेट चालते का बघायला, आणि त्या फुगलेल्या, भिजलेल्या चित्रात, उशिरा उडी मारत, मी पहिली स्टेज पार केली. दुसरी पण. पूल फुटायला लागला तेव्हा अंगठा आपोआप हलला. आणि म्युझिक! ते पाठी लागलेलं नव्हतं. जसं आठवत होतं तसंच, आरामात.

मी टीव्हीच्या कोपऱ्यात बघितलं तर एव्ही लावल्यावर बारीक अक्षरात ५७६ असं काहीतरी आलं होतं. तिथून शोधत गेलो तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडचा जुना टीव्ही पॅल पद्धतीचा, चित्राच्या ५७६ ओळी (तोच तो आकडा) आणि सेकंदाला ५० चित्रं. जपान-अमेरिकेत एनटीएससी, सेकंदाला ६०. आणि ह्या गेममध्ये सगळं चित्राच्या हिशोबाने चालतं, एका चित्राला माणूस एक पाऊल पुढे. म्हणजे जो खेळ जपानी पोरगा एका मिनिटात खेळायचा तो आमच्या चाळीत एक मिनिट बारा सेकंद चालायचा! आणि एमुलेटर, त्याला कोणी सांगितलं नसेल तर, अमेरिकन पद्धतीने सुरू होतो. मी घाटकोपरला मेलो तो माझा वेग नव्हताच.

त्यातही एक बारकावा आहे जो मला फार आवडला. युरोपात जो अधिकृत पॅलवाला निन्टेंडो होता त्यात प्रोसेसर पण मंद केला होता. पण आपल्याकडच्या नकलांमध्ये प्रोसेसर जवळपास जपानी वेगाचाच ठेवला आणि चित्रं फक्त ५० केली, म्हणजे जपानी गेम बिनबोभाट चालावेत. रशियात डेंडी नावाने जी नक्कल गाजली ती अशीच, म्हणून एमुलेटरच्या सेटिंगमध्ये रीजन निवडताना एनटीएससी, पॅल आणि तिसरं चक्क डेंडी असं लिहिलेलं असतं. ह्याचा परिणाम म्हणजे आवाजाची पट्टी जवळपास तीच राहते आणि लय उतरते. आमच्या लालबागच्या भजनी मंडळात बुवा कसे एखादा अभंग द्रुत सुरू झाला की हात खाली दाबून लय उतरवायचे, सूर न सोडता, अगदी तसं. मी एमुलेटरमध्ये डेंडी निवडलं, हेडफोन लावला आणि पहिल्या स्टेजचं म्युझिक नुसतं ऐकत बसलो. बायको म्हणाली, रडतोयस की काय. नव्हतो रडत.

दादाला फोन केला आणि सांगितलं बीपी नॉर्मल आहे. त्याला सगळं समजावलं तर तो म्हणाला, "म्हणजे आपण स्लो मोशनमध्ये भारी होतो." आहे हे असं आहे.

पण बदकं राहिलीच होती, आणि ती मारायला डबा टीव्ही पाहिजे होता. गिरगावात ठाकूरद्वारला आत्या राहते, तिच्याकडे एकवीस इंची होता, वर विणलेला रुमाल आणि त्यावर शंकराची पिंड, म्हणजे टीव्हीचा आता चौरंग झाला होता. विचारलं तर म्हणाली, "ने बाबा, भंगारवाला दोनशेच देतो म्हणाला, आणि देवाला खाली घेताना माझे हात भरून येतात." दोघांनी मिळून जिन्यावरून उतरवला, ह्या टीव्हींचं सगळं वजन पुढच्या काचेत असतं, त्यामुळे काच छातीशी आणि पाठ बाहेर असा धरायचा, मी उलटा धरला आणि दुसऱ्या मजल्यावर जवळजवळ दोघं गेलो होतो. टॅक्सीवाल्याने मागच्या सीटवर ठेवायला पन्नास जास्त घेतले. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने रजिस्टर उघडून विचारलं, "साहेब, हा खाली जायला पाहिजे ना? लोक खाली आणतात." मी म्हटलं लिही, इनवर्ड.

आईने तो टीव्ही हॉलच्या कोपऱ्यात बघितला आणि पहिलं वाक्य, "ट्यूब जाईल रे." ही आमच्या घरातली जुनी श्रद्धा. व्हिडिओ गेम खेळला की टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते. चाळीत प्रत्येक घरात हे होतं, कोणी सांगितलं कोणास ठाऊक. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही, एकच चित्र दिवसच्या दिवस ठेवलं तर काचेमागच्या फॉस्फरवर त्याचा डाग बसतो, पार्लरच्या जुन्या मशीनवर गेम बंद असतानाही नाव पुसट दिसायचं ते हेच. पण दीड तासाच्या मारिओने काय होतंय. दुसरी श्रद्धा अ‍ॅडॅप्टरची. अ‍ॅडॅप्टर गरम झाला की खेळ बंद, तो काढून लादीवर ठेवायचा, थंड झाला की मग पुढे. ही श्रद्धा मात्र बाबांची होती आणि ते रात्री आम्ही झोपल्यावर स्वतः रोड फायटर खेळायचे तेव्हा पण पाळायचे. दिवसभर परळ-सायन बस चालवून आलेला माणूस रात्री साडेअकराला आवाज बंद करून चारशेच्या स्पीडने गाडी मारायचा, आणि ट्रक आडवा आला की हळू आवाजात म्हणायचा, "ह्याला लायसन कोणी दिलं." मी गोधडीतून बघायचो. त्या गेममध्ये गाडी घसरली की उलटं हँडल मारून सावरायची असते. ते बाबांना कुणी शिकवलं नव्हतं, पहिल्याच दिवशी जमलं.

डबा टीव्हीवर बदकं पडली. पहिल्याच गोळीला. मुलीने अशी किंकाळी फोडली की शेजारच्यांनी बेल वाजवली. मग मी तिला अजून एक गोष्ट दाखवली जी मलाही आत्ताच कळली होती, एका बदकाच्या गेममध्ये दुसरा रिमोट घेतला तर बदक आपण चालवू शकतो. अठ्ठावीस वर्षं तो दुसरा रिमोट बाजूला पडून होता! आता ती बंदूक धरते आणि मी बदक होतो. बहुतेक वेळा मरतो.

तिला काय आवडलं काय नाही हे सांगायला पाहिजे, कारण माझ्या मताला काही अर्थ नाही, मी आधीच विकलेला आहे. मारिओ तिला ठीक वाटला, पण "सेव्ह कुठे करायचं?" हा प्रश्न तिने तीनदा विचारला आणि सेव्ह नसतं म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल जी दया आली ती मी विसरणार नाही. ढग आणि झुडपं म्हणजे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय, हे तिनेच दाखवलं. अख्खा गेम ४० केबीत बसवायचा तर अशी काटकसर लागतेच, आई जुन्या साडीची गोधडी करायची तसं. बॅटल सिटी, म्हणजे आमच्या भाषेत टँक, तिला वेड लावून गेला. १९८५ चा नॅमकोचा गेम, आणि त्यात स्वतःची स्टेज बनवायची सोय आहे. तिने गरुडाभोवती लोखंडाच्या भिंतींच्या तीन रांगा लावल्या, मग स्वतःच आत अडकली. शिवाय त्यात जोडीदाराला गोळी लागली तर तो मरत नाही, थोडा वेळ जागेवर गोठतो, आणि तिने मला गोठवून ठेवण्यातच अर्धा खेळ काढला.

अ‍ॅडव्हेंचर आयलंड मात्र मला माझा सर्वात आवडता म्हणून आठवत होता, तो गवताचा घागरा घातलेला टोपीवाला, फळं खात पळतो तो. खोटं कशाला बोलू, कंटाळा आला. सारखं खात राहिलं नाही तर एनर्जी संपून मरतो, एकदा काही टोचलं की मरतो, स्केटबोर्डवर चढलं की थांबता येत नाही आणि मरतो. आणि अंड्यातून कधी कधी वांगं निघतं, ते पाठी लागतं आणि एनर्जी शोषून घेतं. भरलं वांगं माझ्या आवडीचं असून मी हे सांगतोय. त्या काळच्या बऱ्याच गेममध्ये हा कद्रूपणा आहे, गेम छोटा आहे हे कळू नये म्हणून जागोजागी मारून ठेवतात. आमच्याकडे आणखी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते म्हणून तो कद्रूपणा आम्हाला पुरवठ्याला आला, एवढंच.

गणपतीनंतरच्या रविवारी दादा आला. वहिनी आणि आई आत वाटल्या डाळीच्या तयारीत, आम्ही दोघं लादीवर मांडी घालून, रिमोटच्या वायरी तेवढ्याच तोकड्या त्यामुळे टीव्हीपासून हातभर. त्याला पहिला रिमोट. ह्यावर चर्चा नाही, तेव्हाही नव्हती. काँट्रा लावला, आणि मी म्हटलं कोड टाक, तर तो माझ्याकडे न बघता अंगठ्याने वर वर खाली खाली डावा उजवा डावा उजवा बी ए करून मोकळा, मधे दोघांसाठी सिलेक्ट दाबायला पण विसरला नाही. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, परवा एटीएमचा पिन विसरून परत आला होता. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो नावाच्या माणसाने हा कोड आधी ग्रॅडियस नावाच्या दुसऱ्या गेमसाठी, १९८६ मध्ये केला, कारण गेम तपासताना त्याला स्वतःलाच तो फार अवघड जात होता. हे दादाला सांगितलं तर म्हणाला, "गप, समोर बघ."

तीस-तीस लाईफ. पहिल्या दोन स्टेज हसत गेल्या. तिसरी धबधब्याची, जिथे स्क्रीन वर सरकते आणि जो खाली राहतो तो मरतो. दादा तेव्हा पण असाच होता, उड्या मारत वर निघून जायचा, मी खाली दगडावर अडकलेला, स्क्रीन सरकली की गेलो. "थांब ना दादा." "तू ये ना लवकर." ह्याच शब्दांत, ह्याच सुरात. माझ्या सात लाईफ त्याने नुसत्या वर जाऊन घालवल्या. पण पुढे बर्फाच्या स्टेजला मला एस गन मिळाली, ती पसरून पाच गोळ्या सुटतात ती, आणि मी सांभाळून खेळायला लागलो. दादाच्या आंधळ्या उड्या चालूच होत्या, सहाव्या स्टेजला त्याच्या तिसाव्या लाईफचा निकाल लागला आणि माझ्या अकरा शिल्लक.

काँट्रामध्ये अशी सोय आहे की एकाच्या संपल्या तर बटण दाबून दुसऱ्याच्या शिल्लकीतली एक घेता येते. विचारायची गरज नसते, गेम विचारत नाही.

"दादा, नको हां," मी म्हणेपर्यंत त्याचा माणूस वरून टपकला. अकराच्या दहा झाल्या. तो लगेच आगीच्या झोतात जाऊन मेला. परत दाबलं. नऊ.

"अरे एक तरी विचारून घे!"

"तुला कशाला एवढ्या?"

मी स्टार्ट दाबून गेम पॉज केला, त्याने परत स्टार्ट दाबला, मी परत पॉज केला, मुलगी सोफ्यावरून दोघांकडे आळीपाळीने बघतेय, आणि आतून आईचा आवाज आला की भांडायचं असेल तर बंद करा आणि तो अ‍ॅडॅप्टर बघा, केव्हाचा चालू आहे.

दादाने वाकून हात लावला. चांगलाच तापला होता. त्याने तो बोर्डातून काढला आणि पंख्याखाली लादीवर ठेवला, आणि आम्ही दोघं तो थंड व्हायची वाट बघत बसलो.